रोपासोबतची माती

न लावता उगवलेले एखादे झाड आपल्याही अंगणात असेल. आमच्या बीड जिल्ह्यात ते बहुधा सीताफळाचे असते. बालाघाटाच्या खडकाळ उतारांवर ते रानोमाळ वाढते; बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. आमच्या अंबाजोगाईच्या घरी ते न्हाणीच्या भिंतीला चिकटून उगवले. हातभर झाल्यावर मी ते उपटून उन्हात लावायला निघालो, तेव्हा आईने अडवले.

ती नुकतीच धारूरहून आली होती. वडिलांच्या तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी मी घराला कुलूप लावून तिला आणले होते. इथे दवाखाना जवळ, सोयी अधिक. तरीही ती रात्री उठून दार शोधत असे. जेवण निम्म्यावर आले होते.

“ओढू नकोस, मूळ तुटंल,” ती म्हणाली. तिच्या सांगण्यावरून मे महिन्यात रोपाभोवती वीतभर अंतर राखून अर्ध्या बाजूची माती खोल चिरली. उरलेली अर्धी पंधरा दिवसांनी. मधल्या काळात मातीच्या गोळ्यातच नवी तंतुमुळे फुटतात. मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर एका ढगाळ संध्याकाळी रोप त्या गोळ्यासह ओल्या गोणपाटात उचलले आणि पूर्वीच्याच खोलीवर लावले. पाने गळाली. मी घाबरून पाणी वाढवू लागलो, तर तिने तेही थांबवले. तिसऱ्या आठवड्यात कोंब दिसला.

रोपाला मी महिनाभर दिला होता. आईला एक दिवसही दिला नव्हता. मग तिला घेऊन आठ दिवस धारूरला राहिलो. काय न्यायचे ते तिनेच ठरवले: देव्हारा, खलबत्ता, वडिलांची घोंगडी. इथे तिचा पलंगही असा लावला, की उठताच दार पूर्वीसारखे उजव्या हाताला यावे.

आपल्या घरी वडीलधाऱ्यांना आणायचे असेल, तर आधी त्यांना विचारा. काही दिवस ये-जा होऊ द्या. ओळखीच्या वस्तू सोबत आणा, रात्री मंद दिवा ठेवा. सुरुवातीची उदासी हळूहळू ओसरते. ती टिकून राहिली तर डॉक्टरांचा सल्ला घ्या. मात्र एकाएकी गोंधळ उडाला, तर तो जागाबदलाचा परिणाम समजून थांबू नका; त्याच दिवशी दाखवा.

चौथ्या वर्षी झाडाला फळे आली. आईने बिया धुऊन पुरचुंडीत बांधल्या. धारूरच्या अंगणात टाकायच्या आहेत म्हणते.