उलटा हत्ती

प्यादं आठव्या रांगेत पोचलं तेव्हा माझ्या घड्याळात चाळीस सेकंद उरले होते. माझा मारला गेलेला वजीर समोरच्या मुलाच्या पाण्याच्या बाटलीमागे कुठेतरी आडवा पडला होता. हाताशी होता तो मेलेला हत्ती. मी तो उलटा करून पटावर ठेवला, घड्याळ दाबलं आणि खुर्चीत मागे रेललो. सांगलीला आमच्या ओसरीवर उलटा हत्ती म्हणजे दुसरा वजीर. घराघरात सोंगट्यांचा एकच संच असायचा, त्यात दुसरा वजीर येणार कुठून?

मुलानं घड्याळ थांबवून हात वर केला. पंच आले, पटाकडे एकवार बघितलं आणि शांतपणे हत्ती सुलटा केला. "हत्ती आहे हा."

"रूल आहे तसा, काका," मुलगा म्हणाला. असेल अकराएक वर्षांचा. आवाजात विजय नव्हता, उलट जरा ओशाळल्यासारखाच होता.

नियम तसाच आहे आणि मला तो माहीतही होता. वजीर हाताशी नसेल तर घड्याळ थांबवायचं, पंचांकडून वजीर मागून घ्यायचा. 2017 साली कॅनडाच्या अजिंक्यपदाचा फैसला टायब्रेकच्या ब्लिट्झ डावात असाच झाला. निकोलाय नोरित्सिननं प्यादं शेवटच्या घरात नेलं, त्याचा वजीर प्रतिस्पर्धी बातोर साम्बुएवच्या हातात होता, म्हणून त्यानं उलटा हत्ती ठेवला. पंचांनी तो हत्तीच धरला. अजिंक्यपद साम्बुएवकडे गेलं. हा किस्सा मी रविवारच्या वर्गात मुलांना किती वेळा सांगितला असेल! पण चाळीस सेकंद उरले की हात ओसरीवरचं ऐकतो, वर्गातलं नाही.

ऑनलाइन हे होऊच शकत नाही. तिथं वजीर कधी संपत नाहीत, प्यादं टोकाला गेलं की आपसूक वजीर उभा. रात्री जेवणं आटोपली की मी दोन-तीन डाव खेळतो, गेली आठ-नऊ वर्षं. आमच्या वेळी कसं होतं, हे गाऱ्हाणं मला गायचं नाही, कारण आमच्या वेळी सिसिलियन बचावाची एखादी शाखा पुस्तकात वाचली तर ती दहा जणांवर पारखून बघायला अख्खा मोसम जायचा. आता एक संध्याकाळ पुरते. लीचेससारख्या ठिकाणी तर पैसाही लागत नाही. लहान गावातल्या पोराला तोडीस तोड खेळणारा मिळत नाही म्हणून त्याचा खेळ खुंटायचा, तो प्रश्न तर जवळजवळ मिटलाच.

प्रश्न आहे हाताचा. पटावर सोंगटीला हात लावला की तीच खेळायची. वाकडी उभी असेल तर आधी 'अ‍ॅडजस्ट' म्हणायचं, मग सरळ करायची. या एका नियमानं हाताला वळण लागतं. माझे पहिले शिक्षक आम्हाला हात मांडीखाली दाबून बसवायचे. चाल सुचली? बसून राहा. अजून पटते? आणखी एकदा बघ. मग हात काढ. स्क्रीनवर मात्र समोरच्याची चाल यायच्या आधीच आपली चाल ठरवून ठेवता येते, प्रीमूव्ह म्हणतात त्याला. तीन मिनिटांच्या डावात ते कसब आहे, नाही असं नाही. पण डोक्यापुढे धावायची सवय बोटांना एकदा लागली की ती मोडायला मला मुलांबरोबर महिनोन्‌महिने घालवावे लागतात.

टॅबवर दोन वर्षं खेळून वर्गात आलेलं मूल लगेच ओळखू येतं. चाल उत्तम करतं आणि घड्याळ दाबायचं विसरतं. कॅसलिंग करताना आधी हत्ती उचलतं. हत्तीला आधी हात लावला की त्या बाजूचं कॅसलिंग गेलं, राजा आधी हलवायचा आणि तोही एकाच हातानं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं, कारण स्क्रीनला त्याची फिकीर नसते. राजाला शह बसला तरी ते भलतीच चाल खेळून मोकळं होतं. स्क्रीनवर राजाचं घर लाल होतं, इथं काहीच लाल होत नाही.

आणि दिसणं. स्क्रीनवरचा पट आपण वरून, घारीच्या नजरेनं बघतो. टेबलावर तो आपल्यापासून दूर पसरत जातो, पलीकडच्या रांगा एकमेकींत दाटतात, उंच राजामागे उंट झाकला जातो. कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारी तिरपी रेघ तर डोळ्यांना मुद्दाम चालून बघावी लागते. पंधराशे रेटिंगच्या एका मुलीनं वर्गात सलग तीन डावांत वजीर फुकट घालवला, तिन्ही वेळा दूरच्या उंटाला. घरी स्क्रीनवर तिच्याकडून तसं कधी होत नव्हतं. मी तिला उभं राहून पट बघायला सांगितलं. दोन आठवडे ती उभ्यानंच खेळली.

स्क्रीनची स्वतःची संकटंही आहेत. 2020 च्या ऑगस्टमध्ये ऑलिम्पियाड ऑनलाइन झालं. भारत-रशिया अंतिम सामन्याची पहिली फेरी 3-3 अशी सुटली आणि दुसऱ्या फेरीत निहाल सरीन आणि आपली नागपूरची दिव्या देशमुख यांचं इंटरनेटच तुटलं. घड्याळं चालत राहिली, वेळ संपून दोघांचे डाव गेले. भारतानं दाद मागितली आणि शेवटी सुवर्ण दोन्ही देशांना मिळून दिलं गेलं. दिव्या तेव्हा चौदा वर्षांची होती. पुढे 2025 च्या जुलैत तिनं बटुमीला कोनेरू हंपीला हरवून विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टर झाली आणि उठून आईच्या गळ्यात पडून रडली. ते मी फोनवरच बघितलं, हेही खरं.

समोरच्याचा चेहरा दिसतो हा प्रत्यक्ष खेळण्याचा मोठा फायदा, असं सगळे म्हणतात. 1959 च्या कँडिडेट्स स्पर्धेत पाल बेन्को मिखाईल तालची नजर टाळायला काळा चष्मा लावून बसला होता, ती गोष्टही हटकून सांगतात. माझा अनुभव वेगळा. मी समोरच्याचा चेहरा वाचतो आणि बहुतेक वेळा चुकीचा वाचतो. सुस्कारा ऐकला की वाटतं, हा खचला. तो खरं तर जेवणाच्या सुट्टीला किती वेळ आहे ते मोजत असतो. ऑनलाइन माझं रेटिंग बरंच वर आहे आणि त्याचं कारण एवढंच असावं की तिथं वाचायला कुणी नसतं.

तर, तो मुलगा. वजिराऐवजी हत्ती मिळाल्यावर डाव बरोबरीत सुटला. हात मिळवले, सह्या केल्या. बाहेर मंगल कार्यालयाच्या व्हरांड्यात, जिथं लग्नात चपला काढतात, तिथं विश्लेषणासाठी दोन टेबलं मांडलेली. मी निघणार एवढ्यात तो रेक्झिनचा पट उलगडत म्हणाला, "काका, तो घोडा आला तिथपासून बघू या?"

बघू लागलो. एका ठिकाणी त्यानं चार मिनिटं घालवून हत्ती मागे घेतला होता. त्या एका चालीमुळेच माझ्या प्याद्याला वाट मिळाली. मी मनातल्या मनात त्याचं श्रेय माझ्या घोड्याला देऊन टाकलं होतं.

"घोड्याचं टेन्शन नव्हतं मला," तो म्हणाला. "उंटाचं होतं. तुम्ही सारखे उंटाकडे बघत होता. मला वाटलं, तिथून काहीतरी येतंय."

मी उंटाकडे बघत होतो हे खरं. तो दोन घरांच्या मधल्या रेघेवर उभा होता आणि 'अ‍ॅडजस्ट' म्हणून त्याला सरळ करावं की उगाच मुलाचं लक्ष विचलित करू नये, एवढंच मला ठरवता येत नव्हतं. ते सांगितल्यावर तो इतका हसला की शेजारच्या टेबलावरून 'शूऽ' आलं.

घरी जाऊन मी तो डाव स्टॉकफिश या संगणकाच्या बुद्धिबळ-इंजिनाला दाखवला. हत्तीच्या त्या चालीवर त्यानं लाल खूण केली. चूक. आणखी अचूक उत्तर दुसऱ्या कुणाकडे मिळालं नसतं. पण ती चाल रेघेवर उभ्या राहिलेल्या एका उंटानं करवली, हे त्या खुणेत कुठून येणार?

व्हरांड्यात आम्ही शेवटापर्यंत आलो. प्यादं आठव्या रांगेत. संचात वजीर होता, अगदी समोर होता. त्यानं तो बाजूला सारला, मेलेला हत्ती उचलला आणि माझ्याकडे बघितलं.

"तुमच्या घरी चालतं हे?"

"आमच्याकडे चालतं."

त्यानं हत्ती उलटा करून प्याद्याच्या जागी ठेवला. "मग आता चाल माझी."

दारातून त्याची आई हाक मारत होती. दोन्ही हात मांडीखाली घालून तो पटाकडे बघत बसला होता.