पुढच्याला वेळ, मागच्याला वाट

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एडिंबरोपासून सुमारे 80 किलोमीटरवर, सेंट अँड्र्यूज हे विद्यापीठाचे लहानसे गाव आहे. मुलाबाळांकडे विलायतेस गेलेल्या ज्येष्ठांना तेथे एक दिवस सहज काढता येतो. ल्यूकर्स स्थानकापर्यंत आगगाडी आणि पुढे बस, एवढाच प्रवास. गावाला लागूनच, समुद्रकाठी, ओल्ड कोर्स हे गोल्फचे जगप्रसिद्ध मैदान पसरले आहे.

गोल्फचे मैदान म्हटले की उंच कुंपण आणि निवडक सभासद आपल्या डोळ्यांसमोर येतात. हे मैदान मात्र सार्वजनिक जमिनीवर आहे. पहिल्या आणि अठराव्या पट्ट्याला छेदून गावाचा रस्ता जातो. कोणी तो ओलांडत असेल, तर खेळाडू हातातला फटका रोखून थांबतो. मोठ्या स्पर्धांचे अपवाद सोडले, तर रविवारी येथे खेळ बंद असतो. गवतालाही विसावा हवा, असा आग्रह धरणाऱ्या टॉम मॉरिस या एकोणिसाव्या शतकातील राखणदाराचे नाव गाव आजही आदराने घेते. त्या दिवशी आजी-आजोबा, मुले, कुत्री अशी सारी मंडळी हिरवळीवर निवांत फिरतात. आपणही जायचे ते शक्यतो रविवारीच.

इतर दिवशी कडेच्या वाटेवरून खेळ पाहावा. गोल्फचे लेखी नियम 1744 साली एडिंबरोच्या खेळाडूंनी प्रथम केले. ते अवघे तेरा होते. आज नियमांची पुस्तिका मोठी झाली आहे, परंतु तिच्या पहिल्याच नियमात वर्तनाची अपेक्षा सांगितली आहे : प्रामाणिक राहा, इतरांचा विचार करा, मैदानाची काळजी घ्या. या खेळात बहुधा पंच सोबत नसतो. म्हणून शिष्टाचार हाच पंच.

तो शिष्टाचार पाहण्याजोगा आहे. एक जण चेंडूपाशी उभा राहिला की बाकीचे बोलणे थांबवतात, हालचाल थांबवतात. आपली सावलीही त्याच्या वाटेवर पडू देत नाहीत. वाळूच्या खड्ड्यातून चेंडू काढणारा दंताळ्याने आपली पावले पुसून मगच पुढे जातो. फटक्याने उखडलेले गवत पुन्हा जागेवर बसवले जाते. हरवलेला चेंडू शोधायला तीन मिनिटे मिळतात, आणि मागची मंडळी वेगाने येत असतील तर पुढची मंडळी बाजूला होऊन त्यांना वाट देतात. यात कोणाला कमीपणा वाटत नाही. कच्च्या खेळाडूला हँडिकॅपच्या हिशेबाने फटक्यांची सूट मिळते. त्यामुळे सत्तरीचे आजोबा आणि तिशीतला नातू बरोबरीने खेळू शकतात.

वाचकहो, हीच रीत घरी आणावी असे वाटते. अनेक ज्येष्ठ फिरणे सोडतात ते केवळ गुडघ्यांमुळे नव्हे. “माझ्यामुळे सर्वांचा खोळंबा होतो” हा संकोचही त्यांना घरी बसवतो. आणि चालणे सुटले की पायांतील बळ व तोल दोन्ही उणावतात. म्हणून सोबत जाणाऱ्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. आई-वडील पायरी उतरत असताना किंवा रस्ता ओलांडत असताना त्यांना प्रश्न विचारू नयेत. उतारवयात चालणे आणि बोलणे एकाच वेळी साधताना लक्ष विभागते व तोल जाऊ शकतो. त्यांचे पाऊल स्थिर होईपर्यंत गप्प उभे राहावे. “चला लवकर” म्हणण्याऐवजी कडेला थांबून मागच्यांना पुढे जाऊ द्यावे. ज्येष्ठांनीही वाट देताना ओशाळू नये. वाट देणारा यजमान असतो, अडथळा नव्हे.

प्रत्यक्ष जाणाऱ्यांसाठी थोडे सांगायचे आहे. समुद्राचा वारा बोचरा असतो. उन्हाळ्यातही कानटोपी व वाऱ्याला अडवणारे जाकीट घ्यावे. जमीन उंचसखल आहे, तेव्हा पक्क्या तळव्याचे बूट घालावेत आणि काठी सोबत असू द्यावी. स्विल्कन ओढ्यावरचा जुना दगडी पूल छायाचित्रासाठी प्रसिद्ध आहे. पावसात त्यावर हात धरूनच चढावे. खेळ चालू असताना “फोर!” अशी आरोळी ऐकू आली, तर वळून पाहू नये, दोन्ही हातांनी डोके झाकून खाली वाकावे.

जवळच ‘हिमालय’ नावाची छोटी हिरवळ आहे. तिच्या उंचवट्यांमुळे हे नाव पडले. 1867 साली स्थापन झालेल्या महिलांच्या मंडळाची ही जागा थोडे शुल्क भरून कोणालाही खेळता येते. येथे जोर लावावा लागत नाही. चेंडू हलकेच ढकलायचा असतो. नातवंडांसोबत तासभर खेळावे, दमल्यास थांबावे, आणि मागे कोणी आलेच तर हसून म्हणावे, “तुम्ही व्हा पुढे.”