भाऊबीजेचे एक गाणे

संगीतातले आम्हांला फारसे कळत नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे. कलबुर्गीच्या न्यायालयात दिवसभर जे ऐकावे लागते त्याने कान शिणून जातात, आणि घरी आल्यावर देवघरातल्या आरतीपलीकडे त्यांना काही ऐकवण्याचा उत्साह आमच्यात उरत नाही. असे असूनही एका गाण्याने गेली काही वर्षे आम्हांला स्वस्थ बसू दिलेले नाही. ते गाणे थोर होते म्हणून नव्हे.

गोष्ट २०२० च्या दिवाळीतली. त्या वर्षी पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी, १६ नोव्हेंबरला, आली होती. आणि महामारीमुळे आठ महिने बंद असलेली महाराष्ट्रातील देवळेही त्याच दिवशी उघडली. आमची थोरली बहीण, अक्का, उदगीरला नांदते. ती भालकीच्या आमच्या वडिलोपार्जित घरी आली ती कपाळाला अंगारा लावून, उघड्या गाभाऱ्याचे दर्शन घेऊनच. त्याच भाऊबीजेच्या निमित्ताने अमृता फडणवीस यांचे ‘तिला जगू द्या’ हे गाणे प्रसिद्ध झाले होते. दुपारी आमच्या मुलीने ते आपल्या मोबाइलवर लावले आणि जेवणे आटोपून सुपारी कातरीत बसलेल्या मंडळींत एक लहानसे रणकंदन माजले.

रणकंदन आमच्याच घरी माजले असे नाही. गाणे लोकांपुढे आले ते भांडण बरोबर घेऊनच. यूट्यूबवर पसंतीच्या अंगठ्यांपेक्षा नापसंतीचे अंगठे कितीतरी पटींनी अधिक पडले. (हा नापसंतीचा आकडा त्या संस्थेने नोव्हेंबर २०२१ पासून जनतेला दाखवणेच बंद केले, तेव्हा तो पुरावा म्हणून आता हजर करता येणार नाही.) कोणी म्हणाले, विषय चांगला पण सूर कच्चा, कोणी म्हणाले, हेतू शुद्ध आहे तेवढे पुरे, आणि पुष्कळ जण सुरापर्यंत पोहोचलेच नाहीत. गायिका त्या वेळच्या विरोधी पक्षनेत्यांच्या, म्हणजे माजी मुख्यमंत्र्यांच्या, पत्नी. एवढ्यावरच त्यांचा निकाल लागला होता. बाई स्वतः बँकेतल्या अधिकारी. २०१६ साली ‘जय गंगाजल’ या चित्रपटात गायिलेल्या. पण ही माहिती कोणाच्याच कामाची नव्हती. विरोधकांना त्या नको होत्या त्या पतीमुळे, आणि समर्थकांना हव्या होत्या त्याही पतीमुळेच.

आमच्या ओसरीवरही हेच झाले. धाकटा भाऊ म्हणाला, “हे सगळे राजकारण आहे.” आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, गाणे आवडले नाही तर बंद करावे, बाईला शिव्या कशाला? मुलीचे वय तेव्हा चौदा. तिला आवाजापेक्षा यंत्राचा भाग अधिक वाटला. आम्ही वकिली पवित्रा घेतला. फिर्याद कोणी आणावी यालाही काही नियम असतो; ज्याचे नुकसान झाले त्याने न्यायालयात यावे. बंगल्यात राहणाऱ्या बाईने ‘तिला जगू द्या’ म्हणावे, यात ‘ती’ कोण? बीड जिल्हा आमच्यापासून फार दूर नाही, मध्ये एक लातूर. गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा कायदा १९९४ चा. आणि २०११ च्या जनगणनेत त्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली निघाल्या ८०७. ज्या जन्मल्याच नाहीत त्यांचे वकीलपत्र या गायिकेला दिले कोणी, असा आमचा सवाल होता, आणि तो आम्हांला फार मार्मिक वाटला होता.

आज तो तितका वाटत नाही. आमच्या घरापासून बसवकल्याण जवळच. बाराव्या शतकात तिथल्या अनुभव मंटपात अक्कमहादेवी आली, तेव्हा अल्लमप्रभूंनी तिची कडक उलटतपासणी घेतली अशी परंपरा आहे. त्या तपासणीत आरंभीच विचारले गेले ते हे, की तुझा पती कोण? तिने उत्तर दिले, चेन्नमल्लिकार्जुन. आणि सभा तिच्यापुढे नमली. अर्थात कुठे ती महायोगिनी आणि कुठे हे मोबाइलवरचे गीत! तुलना गाण्यांची नाहीच; तुलना आहे विचारणाऱ्यांची. आठशेहून अधिक वर्षे लोटली, तरी बाई तोंड उघडून काही म्हणू लागली की आपण प्रथम तिच्या पतीचे नाव विचारतो. फरक एवढाच की मंटपातल्या सभेने पुढचे उत्तर ऐकून घेतले.

या सगळ्या वादात अक्का काही बोलली नव्हती. ती जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेली. गाणे ऐकायचे तर पुरते ऐकायचे, हा तिचा शिरस्ता. तिने मुलीकडून ते पुन्हा लावून घेतले. संपल्यावर आमच्याकडे पाहून म्हणाली, “गानं वाईट नाही रे बापू. पन ‘द्या’ म्हनून कुनाला सांगलाली बाई ती? तुमालाच न्हवं?”

मंडळी हसली. आम्हीही हसलो, पण आमचे हसू तोंडातच राहिले, कारण त्या घरातल्या लाकडी पेटीत असलेला एक कागद आम्हांला आठवला.

वडील २००३ साली वारले. कारंजा नदीच्या काठी त्यांची नऊ एकर जमीन, एक विहीर आणि तुरीचे चांगले उत्पन्न. २००६ च्या दिवाळीनंतर कचेऱ्या उघडताच आम्ही अक्काकडून हक्कसोडपत्र लिहून घेतले. मसुदा आमचाच; सनद मिळून तेव्हा दोनच वर्षे झाली होती आणि हातात नवी तलवार आल्यासारखे वाटत होते. ती म्हणाली, “मला यात किती येतंय?” आम्ही म्हणालो, “कायद्याने फारसे काही नाही.” कर्नाटकाचा १९९४ चा कायदा मुलींना वाटा देई, पण तो त्या वर्षीच्या ३० जुलैपूर्वी लग्न झालेल्यांना वगळी, आणि अक्काचे लग्न १९९१ चे. हे आम्ही तिला सविस्तर सांगितले. ९ सप्टेंबर २००५ पासून नवा केंद्रीय कायदा आला आहे, आणि वडील आधी वारले असले तरी तो लागू पडतो की नाही यावर वाद आहे, हे मात्र सांगितले नाही. ‘फारसे’ हा शब्द किती उपयोगी आहे हे वकिलाला शिकवावे लागत नाही.

आणि त्याहून लाजिरवाणी गोष्ट अशी की तो दस्त कानडीत होता. आमच्या जिल्ह्यात कचेरीचा कागद कानडीतच होतो, त्यात नवल नाही. पण अक्का मराठी शाळेत शिकलेली. तिला कानडी बोलता येते, वाचता येत नाही. दस्ताच्या शेवटी ‘वाचून दाखवले, समजावून सांगितले, मान्य आहे’ असे वाक्य आमच्याच हातचे आहे. त्याखाली तिने मराठीत, ठळक अक्षरांत, सही केली. वाचून कोणी दाखवले नव्हते.

११ ऑगस्ट २०२० रोजी, म्हणजे या गाण्याच्या तीनच महिने आधी, सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा यांच्या खटल्यात तो वाद मिटवला. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीचा वाटा मुलासारखाच जन्मतः आहे. २००५ साली वडील हयात असले पाहिजेत असे नाही. तो निकाल आम्ही त्याच रात्री वाचला होता. निकाल अक्काच्या बाजूने होता, पण नोंदणी झालेला कागद आमच्या बाजूने होता. तो वाचून झाल्यावर आम्हांला आधी सुटकेची भावना झाली, हे इथे लिहून ठेवणे आवश्यक आहे.

२०२१ च्या भाऊबीजेला ओवाळणी झाल्यावर आम्ही ती पेटी उघडली आणि पंधरा वर्षांपूर्वीचा दस्त अक्कासमोर मराठीतून वाचला. तिने सगळा ऐकला. ‘वाचून दाखवले’ या ठिकाणी किंचित मान हलवली. “आता वाचलास व्हय,” एवढेच म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली.

पुढे भावाला वळवण्यात वर्षे गेली. त्याचे तपशील देऊन वाचकांना कंटाळा आणत नाही. तीन एकरांचा दस्त करायचे ठरले. त्याला नाव द्यावे लागते बक्षीसपत्र. जे तिचे होते ते आता आम्ही तिला बक्षीस द्यायचे. दुसरा सोपा मार्ग कागदावर नाही. मसुदा या वेळी मुलीने पाहिला. ती आता कायद्याच्या शिक्षणाला आहे. तिने तो कानडीतून मराठीत उतरवला आणि आत्याला मोबाइलवर पाठवून दिला. तो नीट वाचायला अक्काने आठ दिवस घेतले. मग तिचा निरोप आला, तो असा:

“बापू, यात विहीर लिहायची राहिलीय.”