खालांचा चष्मा

आमच्या शेजारच्या खाला मूळच्या रत्नागिरीकडच्या. मराठी आमच्याहून अस्सल. रागावल्या तर ऐकत राहावी अशी! त्यांचा चष्मा दोनच कामांसाठी निघतो : कुराण वाचायला आणि बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरे वाचायला.

"मटण आणताना तुम्ही काही वाचीत नाही ते?" मी एकदा विचारले.

"त्याला काय वाचायचं? त्याच्या बापाला ओळखते मी."

दिवाळीला आमच्याकडून फराळाचे ताट जाते, तेव्हाही चष्मा निघत नाही. चकली मोडतात आणि यंदा मोहन कमी पडले म्हणून सांगतात.

माणूस ओळखीचा असला की शंकेला जागा नाही. खाटीक चुकला तर शुक्रवारी मशिदीच्या पायरीवर गाठता येतो. कारखान्यातल्या जिलेटिनला गाठायचे कुठे? ते डुकराचे, दुसऱ्या जनावराचे की माशाचे, आणि जनावर असले तर ते रीतसर जिबह झालेले की नाही, हे जिभेला कळत नाही. भिस्त सारी छापील कागदावर.

तो कागदही किती नाजूक! २००१ साली इंडोनेशियात अजिनोमोटोवरून केवढे काहूर उठले. त्या पांढऱ्या भुकटीत डुकराचा अंश सापडला नव्हता. पण ती तयार करणाऱ्या जीवाणूंच्या खाद्यासाठी डुकरापासून काढलेले एन्झाइम वापरले होते. राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद, स्वतः उलेमांच्या घराण्यातले, म्हणाले हलाल. उलेमांची परिषद म्हणाली हराम. माल दुकानांतून उचलावा लागला. २०२० च्या अखेरीस तर मलेशियात परदेशी मांसावर हलालचे खोटे शिक्के मारल्याचे प्रकरण वर्तमानपत्रांनी बाहेर काढले. माणूस शिक्क्याच्या भरवशावर जेवतो, आणि शिक्काच खोटा!

खालांनी आपल्यापुरती तोड काढली आहे. हलालचा शिक्का नसेल तर त्या हिरवा ठिपका शोधतात. आपल्याकडे शाकाहारी मालावर तो कायद्याने छापावा लागतो. शाकाहाऱ्यांच्या सोयीची ती खूण, मटणाच्या सुरेख सागुतीबद्दल प्रसिद्ध असलेल्या आमच्या खालांच्या कामी यावी, ही गंमतच! पण इसेन्समध्ये दारूचा अर्क असेल तर ठिपका काय सांगणार, म्हणून केकचा पुडा पुष्कळदा फळीवर परत जातो.

परवा माझ्या मुलाने खालांच्या नातवासाठी परदेशाहून जेलीच्या गोळ्यांचा डबा आणला. त्यावर शिक्का नाही, ठिपका नाही. जिलेटिन एवढाच शब्द. खालांनी चष्मा काढून डबा फडताळात ठेवला. पोर हिरमुसले आणि, खरे सांगायचे तर, मलाही जरा लागले. मुलाने कंपनीला पत्र घातले आहे. उत्तर अजून नाही. नातू रोज शाळेतून येऊन विचारतो, "पत्र आलं?"