आपल्या हातचे संकेतस्थळ

संकेतस्थळ म्हटले की ते एखाद्या बँकेचे, वृत्तपत्राचे अथवा सरकारी कचेरीचे असावयाचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. घरगुती माणसाने ते स्वतःच्या हाताने उभारावे, ही कल्पनाच अनेकांना धाडसाची वाटते. वाचकहो, मी ते उभारले आहे. संगणकशास्त्राशी माझा काही संबंध नाही. मी कलाशाखेची पदवीधर, अनुवाद व संपादन हा माझा व्यवसाय. म्हणूनच हा अनुभव आपणांस सांगावासा वाटतो.

निमित्त घरचेच होते. माझे माहेर इंदूरचे. होळकरांच्या काळापासून माळव्यात नांदलेली आमची मराठी हिंदीच्या शेजाराने थोडी निराळी झाली आहे. तिच्यातील कित्येक शब्द आणि भुट्ट्याच्या किसासारखे पदार्थ करण्याच्या आमच्या घरच्या रीती आता एकट्या आत्याच्या तोंडी उरल्या आहेत. तिने पंचाहत्तरी ओलांडली आहे. माझी मुलगी दिल्लीत वाढते आहे. या दोघींमधला धागा तुटू नये म्हणून आत्याचे बोलणे मी एका विनामूल्य सेवेवर लिहून ठेवीत असे. पुढे त्या सेवेनेच गाशा गुंडाळला. असे पूर्वीही घडले आहे. २००९ साली ‘जिओसिटीज’ बंद झाली, तेव्हा असंख्य लोकांची पाने एकाएकी बेघर झाली. दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेला संसार तो उठ म्हणेल तेव्हा उचलावा लागतो.

मोठ्या संकेतस्थळांवर आपण पान मागितले की यंत्र त्याच क्षणी मजकूर जमवून ते तयार करते. खानावळीत गिऱ्हाईक बसल्यावर पोळी लाटावी, तसा हा प्रकार. स्थिर संकेतस्थळाची रीत दिवाळीच्या फराळासारखी असते. सर्व पाने आधीच करून ठेवावयाची. पाहुणा आला की डबा उघडावयाचा. ही पाने करून देणारे कार्यक्रम विनामूल्य मिळतात. ‘जेकिल’ २००८ मध्ये आला, ‘ह्यूगो’ २०१३ मध्ये. मी दुसरा निवडला.

मजकूर ‘मार्कडाउन’ नावाच्या साध्या पद्धतीने लिहावयाचा. जॉन ग्रूबर यांनी ती २००४ मध्ये प्रसिद्ध केली. शब्द ठळक हवा तर त्याच्या दोन्ही बाजूंस दोन-दोन तारका द्याव्यात, इतके ते सोपे आहे. माथ्यावर शीर्षक, तारीख व विषय नोंदवावा. मग एक आज्ञा दिली की कार्यक्रम तो मजकूर साच्यात बसवितो आणि ‘शब्द’, ‘पाककृती’ अशा याद्याही आपणच तयार करतो.

साचे आयते मिळतात. परंतु ते बहुधा रोमन लिपीसाठी बेतलेले असतात. आपली अक्षरे वर वेलांटी घेतात, खाली उकार घेतात. म्हणून मी प्रथम ओळींमधील अंतर वाढविले. पानाची भाषा मराठी असल्याचे साच्यात नोंदविले. त्यामुळे ज्या टंकांत तशी सोय आहे, त्यांत ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे उमटतात. याद्यांचे आकडे देवनागरीत आणण्यास एकच ओळ पुरली. पानांचे पत्ते मात्र रोमन अक्षरांत आखूड ठेवले. कारण पत्त्यातील एका देवनागरी अक्षरचिन्हाची नक्कल करताना पुष्कळदा नऊ चिन्हे होतात आणि पत्ता मारुतीच्या शेपटासारखा वाढतो. आणखी एक सूचना: मूळ साच्यात खाडाखोड करू नये. बदलावयाचा भाग आपल्या फोल्डरात उतरवून घ्यावा व तेथे बदलावा. कार्यक्रम आपल्या प्रतीस अग्रक्रम देतो, आणि मूळ साचा सुरक्षित राहतो.

सार्वजनिक ठेवलेल्या मजकुराची अशी पाने ‘गिटहब पेजेस’सारख्या सेवा फुकट प्रसिद्ध करतात, स्वतःच्या नावाचा पत्ता हवा असेल तरच वार्षिक शुल्क पडते. उद्या ही सेवाही बंद झाली तर? तेच फोल्डर दुसरीकडे नेता येईल. कारण मूळ मजकूर माझ्या संगणकात आणि त्याची एक प्रत भावाकडे आहे.

एक पथ्य मात्र पाळावे. येथे लिहिलेले सारे जग वाचू शकते. यास्तव घरच्यांची संमती घ्यावी. पत्ते, दूरध्वनी क्रमांक, मुलांची छायाचित्रे देऊ नयेत. आत्याला विचारले तेव्हा तिने एकच अट घातली: नाव घालू नकोस, कृती मात्र अचूक घाल.

आता ती इंदुरात फोनवर ती पाने वाचते आणि हिंगाचे प्रमाण चुकले की लगेच कळविते. मुलगी ती दुरुस्ती स्वतः करते, आणि तसे करताना आत्याआजीला शब्दांचे अर्थ विचारते. आपल्याही घरी असे कोणी वडीलधारे असेल. त्यांच्यापाशी बसून निदान एक पान लिहून काढावे. साचा, टंक, रंग यांचे मागाहून पाहता येईल.