सुरतेच्या सादेली पेट्या

सुरत म्हटली की आम्हां मराठी माणसांना १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. फार तर घारी आणि उंधियू. परंतु दागिना ज्या पेटीत ठेवावयाचा ती पेटीही दागिन्याच्या तोलाची करणारे कारागीर या नगरात होते आणि थोडे आजही आहेत, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

ही कला सादेली. इराणातील शिराझहून ती सिंधमार्गे सुरतेस आली व पुढे मुंबईस गेली, असे सांगतात. दुरून पाहता पेटीवर कोणी बारीक कुंचल्याने चांदण्या रेखाटल्या आहेत असेच वाटते. वास्तविक तेथे रंगकाम मुळीच नाही. शिसवी, चंदन, हस्तिदंत, हिरवे रंगविलेले हाड आणि कथील यांच्या बारीक, बहुधा त्रिकोणी काड्या सरसाने जोडून त्यांची जुडी बांधतात आणि ती आडवी चिरतात. अळूवडीचा उंडा कापला म्हणजे प्रत्येक चकतीवर जसे तेच वेटोळे उमटते, तशी येथे प्रत्येक कापावर तीच चांदणी निघते. हे पातळ काप लाकडी पेटीवर शेजारी शेजारी चिकटवून घासतात. सांधा शोधू गेल्यास नखालाही लागत नाही.

वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ व १९९१ साली दुरुस्त्या होऊन हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. हत्तींसाठी ते इष्टच झाले. कारागिरांनी प्लास्टिक पत्करले. शुभ्रपणा साधला, पण जुन्या पेटीवरील सायीसारखी पिवळट झाक त्याला येत नाही, असे आमचे मत.

न्यूझीलंडचे माओरी लोक हुइया पक्ष्याची पिसे कोरीव लाकडी पेटीत ठेवीत. पेटी आढ्याला टांगलेली असे, म्हणून बूडही कोरलेले! १९०७ नंतर तो पक्षी खात्रीने कोणास दिसला नाही. पेटीला मात्र आजही ‘वाकाहुइया’च म्हणतात. आमच्याकडे उलटा प्रकार. दागिने आहेत, पण ते बँकेच्या लॉकरात गेले आणि पेटी शोभेची वस्तू झाली. ‘पेटीगरा’ आडनावाची माणसे पुष्कळ भेटतील. त्यांतील पेट्या करणारी मोजकीच.

कोणा वाचकभगिनीच्या घरी आजीची अशी पेटी असेल, तर ती ओल्या फडक्याने पुसू नये, सरस सुटतो. एखादी चांदणी निखळली असल्यास तुकडा जपून ठेवावा. तो बसवून देणारा हात सुरतेत अजून सापडतो.