हा आमचा नव्हे!

माणसे कशावरून भांडतील याचा काही नेम नाही. आमच्या नया नगरात पाण्यावरून भांडणे होतात, स्कूटर कुठे उभी करावी यावरून होतात, बिर्याणीत बटाटा असावा की नसावा यावरूनही होतात. पण परवा गणपतीच्या सुट्टीत आमच्या दिवाणखान्यात (एक पलंग आणि दोन खुर्च्या यांनी गच्च भरलेल्या खोलीला आम्ही दिवाणखाना म्हणतो) जे भांडण जुंपले, त्याचे कारण ऐकून वाचकांना हसू येईल. ते भांडण होते शक्तिमानावरून!

हो, तोच तो तांबड्या पोशाखातला, गरगर फिरत येणारा. १९९७ साली तो दूरदर्शनवर अवतरला आणि साऱ्या पोरांना त्याने वेड लावले. त्याच्यावर मोठा चित्रपट काढणार असल्याचे २०२२ साली जाहीर झाले, नायक म्हणून रणवीर सिंगचे नाव घेतले जाऊ लागले आणि २०२४ साली मूळचे शक्तिमान मुकेश खन्ना यांनीच त्याला जाहीर नापसंती दर्शविली. हा विषय खरे तर शिळा झालेला. पण शिळ्या कढीला ऊत आणण्याची कला आमच्या मेहुण्यांना उत्तम साधते.

"तो आमचा शक्तिमान नव्हे! शक्तिमान म्हणजे कसा, वडीलधारा हवा," मेहुणे गरजले. त्यांनी पंचेचाळिशी ओलांडली आहे.

"मामू, तुम्ही लहान होता म्हणून तो वडीलधारा वाटला," आमची कन्या म्हणाली. ती कॉलेजात जाते आणि कुणाचीही भीड ठेवत नाही.

वरच्या मजल्यावरचे चाचा साखर मागायला आले होते. तेही खुर्ची ओढून बसले. त्यांचे म्हणणे असे की, मुकेश खन्ना म्हणजे भीष्म, आणि भीष्माने एकदा शरशय्येवर देह ठेवल्यावर पुन्हा गिरक्या घेत उडायलाच नको होते. अखेर तिघेही माझ्याकडे वळले. मी मराठीचा प्राध्यापक. नाटकावर बोलणे हा माझा पोटापाण्याचा धंदा. तेव्हा निवाडा मीच करावा, असे ठरले.

मी घसा खाकरला आणि सांगू लागलो की, हा तंटा काही आजचा नव्हे. अमेरिकेत १९८८ साली मायकल कीटन हा विनोदी नट बॅटमॅन होणार असे जाहीर झाले, तेव्हा चित्रसंस्थेकडे निषेधाची पन्नास हजार पत्रे गेली म्हणतात. पुढच्या वर्षी चित्रपट लागला आणि तिकिटासाठी रांगा लागल्या. त्या रांगांत पत्रे लिहिणारेही उभे असणार, याबद्दल मला शंका नाही. पुढे हीथ लेजर या देखण्या नटाला जोकरची भूमिका दिली, तेव्हाही लोकांनी नाके मुरडली. चित्रपट २००८ साली आला. लेजर त्याआधीच वारला होता, आणि त्याच भूमिकेसाठी त्याला मरणोत्तर ऑस्कर मिळाले. आज नव्या जोकरला पाहून तीच माणसे म्हणतात, "छे! लेजरची सर नाही!"

आणि अमेरिकेपर्यंत तरी कशाला जायचे? 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले. त्यातले बेलवलकर डॉ. लागूंनी केले, दत्ता भटांनी केले, सतीश दुभाषींनी केले. कुणाचे बेलवलकर खरे, यावर आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत अजून चहा निवतो. त्यांतल्या निम्म्यांनी त्या तिघांपैकी एकालाही रंगमंचावर पाहिलेले नाही. पण त्यामुळे त्यांच्या आवेशात काही उणे पडत नाही!

एवढे बोलून मी थांबलो. निवाडा द्यायचा राहूनच गेला, कारण माझे मन भलतीकडेच गेले होते.

१९८८ साली रविवारी सकाळी 'महाभारत' सुरू झाले, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. रत्नागिरी जिल्ह्यातले आमचे लहानसे गाव. मोहल्ल्यात टेलिव्हिजन एकच, तोही गल्फमधून आलेला. त्याच्यापुढे आम्ही पोरे चटईवर, बाया दारात आणि पुरुष खिडकीबाहेर, अशी व्यवस्था असे. कृष्ण झालेला नितीश भारद्वाज मराठी, म्हणून तो 'आपला'. अर्जुनाचे काम करणाऱ्याचे नाव फिरोज खान, म्हणून तोही 'आपला'! दोन्ही बाजूंनी आपलेच असल्यामुळे रथ हाकण्याची काळजी आम्हांला नव्हती. पुढे त्या फिरोज खानने अर्जुन हेच नाव धारण केले.

माझे वडील पोस्टात होते. त्यांनी एके दिवशी मला सांगितले की, या मालिकेतले सारे संवाद राही मासूम रझा नावाच्या माणसाने लिहिले आहेत. पुढे मी असेही वाचले की, रझांनी आधी या कामाला नकार दिला होता. पण 'महाभारत लिहायला मुसलमानच मिळाला काय?' अशा अर्थाची पत्रे आली, आणि ती वाचूनच त्यांनी होकार दिला. मग त्यांनी भीष्म, कुंती, कर्ण यांच्या तोंडी अशी भाषा घातली की, पत्रे लिहिणारेही रविवारी अंघोळी उरकून पडद्यापुढे बसले असतील.

मालिका १९९० साली संपली. त्याच वर्षी पुण्याला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद संतवाङ्मयाचे अभ्यासक डॉ. यू. म. पठाण यांनी भूषविले. वर्तमानपत्रातला त्यांचा फोटो वडिलांनी कापून माझ्या वहीत चिकटवला आणि म्हणाले, "हे बघ, असंही काम असतं. तुला जमेल."

ते काम मी गेली वीस वर्षे करीत आहे. पण पहिल्या अंकातच माझ्यावर हरकत आली! मुलाखतीला गेलो, तर तिथल्या शिपायाने माझे नाव वाचून मला उर्दूच्या उमेदवारांत नेऊन बसवले. अजूनही जूनमध्ये नव्या वर्गात शिरलो की कुणीतरी हळूच विचारतो, "सर, मराठीचे सर नाही आले?" इकडे नया नगरात वेगळाच प्रकार. हैदरी चौकातला चहावाला माझा व्यवसाय ऐकून म्हणाला, "मराठी? आप? सचमुच?" दोन्हीकडच्या प्रेक्षकांचे एकमत: हा आमचा नव्हे!

याचे मला पूर्वी वाईट वाटे. आता हसू येते. मात्र एकदा हसू आले नाही. आमच्या वस्तीत १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून आलेली कितीतरी घरे आहेत. चार भिंती मिळाल्या, पोरे शाळेत गेली, रमजानच्या रात्री चौक उजळू लागला. मग २०२४ च्या जानेवारीत एका रात्री दंगा झाला, गाड्या फुटल्या, दोन दिवसांनी बांधकामे पाडायला बुलडोझर आले. त्या आठवड्यात बातम्यांच्या पडद्यावर सारे नया नगर एकाच भूमिकेत उभे होते. मेहुणे, चाचा, चहावाला आणि मी, सगळ्यांना एकच काम! कॉलेजात एका जुन्या सहकाऱ्याने आपुलकीनेच विचारले, "सर, तुम्ही अजून तिथंच राहता?" मी म्हटले, "हो." त्यापुढे त्यालाही काही सुचले नाही आणि मलाही.

"अब्बा, निवाड्याचं काय झालं?" कन्येने मला हलवले.

मी म्हटले, "माझा निवाडा असा. 'हा आमचा नव्हे' असं म्हणण्याचा हक्क प्रत्येक रसिकाला आहे. ज्याचं प्रेम आहे तोच हरकत घेणार. फक्त त्यानं एक करावं: तिकीट काढून आत बसावं, आणि खेळ आवडला तर टाळी राखून ठेवू नये."

"वा!" चाचा म्हणाले. मेहुणे काही बोलले नाहीत. कन्या मात्र हसू लागली.

"तुम्ही स्वतः तसं वागलात का? आठवा २०२२ साल. 'मिस मार्व्हल'ची मालिका."

मला आठवले आणि माझी मान खाली गेली. त्या मालिकेतली कमला खान ही अमेरिकेतल्या जर्सी सिटीत राहणारी शाळकरी मुलगी; घर पाकिस्तानातून गेलेले, आई कडक, आणि पोरगी महानायकांच्या चित्रपटांची वेडी. तिलाच एके दिवशी अद्भुत शक्ती लाभते. काम करणारी इमान वेलानी हीही जन्मली कराचीत आणि वाढली कॅनडात. कन्या डोळे विस्फारून बघत होती, आणि मी दारातून म्हणालो होतो, "ही कसली महानायिका? ही तर आपल्या जिन्यातल्या एखाद्या पोरीसारखी दिसते!"

"आणि मी काय म्हणाले होते?" कन्येने विचारले.

"म्हणूनच तर!" मी कबूल केले. हे दोनच शब्द बोलून तिने माझ्या तोंडावर दार लावून घेतले होते. ज्या माणसाला उभ्या जन्मात 'तू या भूमिकेत शोभत नाहीस' हे ऐकावे लागले, त्यानेच पहिली संधी मिळताच दुसऱ्याला ते ऐकवले होते!

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी कन्येशेजारी बसलो आणि मालिकेचा पहिला भाग लावायला सांगितला. तिकीट काढायला मला तीन वर्षे उशीर झाला होता. चाचांची साखर न्यायची राहिली होती; ती न्यायला ते पुन्हा आले आणि तेही बसले.

सुट्टी संपून कॉलेज उघडले. पहिल्याच तासाला दारात एक नवा मुलगा घुटमळत उभा राहिला. त्याने माझ्याकडे पाहिले, वेळापत्रकाकडे पाहिले, पुन्हा माझ्याकडे पाहिले.

"सर, मराठीचा तास इथंच ना?"

"इथंच," मी म्हटले. "ये, बस. नट बदललेला नाही."